आधी त्या जाळ्या आडव्या करा : बेळगावचे रस्ते ज्यांच्या हातात आहेत त्यांना खुलं पत्र

नगरसेवक-नगरसेविका, रस्त्याचा आराखडा काढणारे इंजिनिअर, टेंडरवर सही करणारे अधिकारी आणि उन्हात उभं राहून काम करून घेणारे कंत्राटदार, तुम्हा सगळ्यांना सप्रेम नमस्कार.

मी शहापुरात राहते. उद्यमबागेत, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागात, एका मशीन शॉपमध्ये अकाउंट्स बघते, बिलं, जीएसटी, कामगारांचे पगार असं सगळं. माहेर येळ्ळूरचं. रोज सायकलने कामावर जाते, शहापूर, गोवावेस, आरपीडी कॉर्नर, मग तिसरं रेल्वे गेट आणि पुढे उद्यमबाग, जाऊन-येऊन साधारण दहा किलोमीटर होतात. हौस म्हणून चालवत नाही आणि वजन कमी करायला पण नाही. मला ते परवडतं, वेळेवर पोचवतं आणि मला आवडतं, एवढंच.

गेल्या जुलैत मी पडले. आपल्याकडचा जुलै तुम्हाला माहीतच आहे, तीन दिवस झालं सूर्य दिसलेला नव्हता, सकाळचे साडेआठ, रस्त्याच्या कडेनं गढूळ पाणी वाहत होतं आणि मागनं टेम्पोचा हॉर्न आला म्हणून मी आणखी कडेला घेतली. तिथं पाण्याखाली गटाराची लोखंडी जाळी होती. पुढचं चाक सरळ जाळीत गेलं आणि अडकलं, सायकल जागच्या जागी थांबली आणि मी हँडलवरनं पुढं. डावं मनगट मोडलं. टेम्पोवाल्यानं ब्रेक मारला म्हणून हे पत्र मी लिहू शकतेय. फुटपाथवर गजरे विकणाऱ्या मावशी पहिल्या धावत आल्या, "अक्का, हात हलतोय काय बघा आधी" म्हणाल्या, आणि मी हाताकडं न बघता वळून मागं किती गाड्या आहेत तेच बघत होते.

दीड महिना प्लास्टर होतं. त्या काळात बसनं जात होते, तर एक दिवस मुद्दाम तिथं उतरले आणि ती जाळी नीट बघितली. तिचे गज रस्ता ज्या दिशेनं जातो त्याच दिशेनं लावलेले, आणि दोन गजांमधली फट दोन इंचांची. माझ्या सायकलचा टायर दीड इंचाचासुद्धा नाही. म्हणजे चाक त्या फटीत जाणारच, नाही गेलं तरच आश्चर्य. तीच जाळी उचलून काटकोनात फिरवून बसवली असती, गज रस्त्याला आडवे आले असते, तर पाणी तेवढंच गेलं असतं आणि माझं चाक वरनं खडखडत निघून गेलं असतं. ती कुणी बसवली त्याचं नाव मला घ्यायचं नाही. बसवणारा माणूस मोटरसायकलनं आला असणार, त्याच्या चाकाला ती फट कधी जाणवलीच नसणार, त्याचा हेतू काही वाईट नव्हता. पण सायकलवर बसलेला माणूस तो रस्ता करताना कुणाच्याच डोळ्यासमोर नव्हता हे त्या जाळीवरनं मला कळलं आणि तेव्हापासून हे पत्र डोक्यात आहे.

माझं मागणं एकच आहे, बाकी सगळं त्यातनंच येतं. शोभेचा एक किलोमीटर सायकल ट्रॅक आम्हाला नको. घरातनं निघालेली सायकल शाळेपर्यंत, कारखान्यापर्यंत, बाजारापर्यंत कुठंही न तुटता आणि जीव मुठीत न धरता पोचली पाहिजे. मधे एक जागा जरी तुटली तरी उरलेला चांगला रस्ता वाया जातो, कारण आई पोरीला ज्या ठिकाणी रस्ता सर्वात धोक्याचा आहे ते ठिकाण धरूनच परवानगी देते, चांगल्या भागाकडं बघून नाही.

हे शहर सायकलचं होतं हो. माझे वडील येळ्ळूरहून टिळकवाडीत दूध घालायला यायचे, कॅरियरला दोन्हीकडं दोन किटल्या, पावसात डोक्यावर प्लास्टिकची खोळ, आणि परत जाताना किटल्यांचा तो रिकामा खणखण आवाज आम्हाला वेशीपासनं ऐकू यायचा. मी त्याच सायकलवर शिकले, सीटवर पाय पुरत नव्हते म्हणून नळीखालनं पाय घालून हाफ पायडल, गुडघे फुटले, पण येळ्ळूरच्या रस्त्यावर त्या वेळी एका तासात चार गाड्या जायच्या म्हणून घरच्यांना भीती नव्हती. उद्यमबागेत सकाळच्या पाळीला मच्छे, पिरनवाडी, अनगोळ, वडगावकडून सायकलींची रांगच लागायची आणि कारखान्यांच्या आत सायकलींसाठी पत्र्याची शेड असायची. आमच्या शॉपमधली ती शेड अजून आहे, आता तिथं स्क्रॅप ठेवतात, एका कोपऱ्यात माझी आणि आणखी तिघांची सायकल.

बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे ते काय उगाच नाही. अडीच हजार फुटांवरचं गाव, हवा गार, कॅम्पातले झाडांच्या सावलीतले रस्ते, उन्हाळ्यातसुद्धा संध्याकाळी वळीव येऊन सगळं थंड करून जायचा. सायकलीला यापेक्षा चांगली हवा कुठं मिळणार. आणि शहर केवढं, तर शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडी, कॅम्प, हिंडलगा, कंग्राळी, यातल्या कुठूनही मध्यापर्यंत फार तर चार-पाच किलोमीटर. सायकलवर वीस-पंचवीस मिनिटं. स्कूटरला संध्याकाळी सहा वाजता तेवढीच लागतात, वर पार्किंग शोधण्यात दहा मिनिटं जातात ती वेगळी.

तरी लोक सायकल का सोडतात? "सायकल घेऊन कशाला जाऊलालीस गं, स्कूटी घे की" हे मला शेजारणी दर आठवड्याला सांगतात, आणि त्या प्रेमानंच सांगतात. त्यांना माझी काळजी वाटते. पूर्वी सायकलवाल्याकडं गरीब म्हणून बघायचे, आता वेडी म्हणून बघतात, आणि दोन्हीच्या मुळाशी रस्ता आहे. पेट्रोल शंभराच्या वर गेलं तरी माणूस सायकलकडं वळत नाही कारण पेट्रोलचे पैसे महिन्याच्या शेवटी दिसतात आणि मागनं येणारी बस आत्ता दिसते.

२०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीची पहिली वीस शहरांची यादी आली त्यात आपलं नाव होतं. मला आठवतंय, शॉपमध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. ३१ मार्च २०२५ ला ते मिशन देशभर संपलं. त्यात काय चांगलं झालं काय राहिलं याचा हिशेब मी इथं काढत नाही, रस्ते काही ठिकाणी खरोखर सुधारले, दिवे आले, फुटपाथ आले. पण आता पुढचा पैसा आणि पुढचं नियोजन परत शहराच्या नेहमीच्या यंत्रणेकडं आलंय, म्हणजे तुमच्याकडं. म्हणूनच हे पत्र आत्ता लिहितेय.

सायकल ट्रॅक म्हणून जे अनेक शहरांत करतात त्याचं काय होतं ते मी पुण्याला नणंदेकडं गेले की बघते. एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून ज्याचं नाव होतं तिथं ट्रॅकवर कुठं डीपी बॉक्स, कुठं पाणीपुरीची गाडी, आणि दर पन्नास फुटांवर कुणाच्या तरी गेटचा उतार. सायकलवाला बिचारा खालीच उतरतो रस्त्यावर, आणि मग कारवाले म्हणतात ट्रॅक दिलाय तरी वापरत नाहीत. आपल्याकडं असं व्हायला नको. इंडियन रोड्स काँग्रेस म्हणजे रस्त्यांचे निकष ठरवणारी संस्था, तिची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात सायकल ट्रॅकची रुंदी कमीत कमी दोन मीटर सांगितलेली आहे, म्हणजे एक सायकल दुसरीला ओलांडून जाऊ शकेल एवढी. दोन मीटर म्हणजे रस्त्याकडेला एक कार पार्क केली की जेवढी जागा जाते साधारण तेवढीच. जागा नाही असं जेव्हा सांगितलं जातं तेव्हा मी त्या उभ्या गाड्यांकडं बघते. जागा आहे, ती दिवसभर न हलणाऱ्या गाड्यांना दिलेली आहे.

सगळीकडं ट्रॅक मागत नाही हं मी. गणपत गल्लीत, खडेबाजारात, रामदेव गल्लीत ट्रॅक करायला जागाही नाही आणि गरजही नाही, तिथं गर्दीमुळं गाड्या आपोआप माणसाच्या चालीनं चालतात आणि सायकल त्यात मिसळून जाते. तिथं फक्त कार आत घालणं थोडं अवघड करा, बाजाराच्या वेळेत तरी. दुकानदारांना वाटतं गाडी दारात आली नाही तर गिऱ्हाईक येणार नाही, पण संक्रांतीच्या, दिवाळीच्या आदल्या दिवशी बघा ना, गल्लीत पाय ठेवायला जागा नसते, एकही कार आत येत नाही आणि धंदा वर्षातला सर्वात जास्त त्याच दिवशी होतो.

ट्रॅक पाहिजे तो जिथं वेग आहे तिथं. आणि सुरुवात कुठनं करायची विचाराल तर माझ्याकडं उत्तर तयार आहे, काँग्रेस रोड. १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन टिळकवाडीत भरलं, ते अध्यक्ष होते असं ते एकमेव अधिवेशन, त्यावरनंच या रस्त्याचं नाव. त्यासाठी खोदलेली काँग्रेस विहीर आजही आहे. शंभर वर्षं झाली म्हणून २०२४ ला केवढी रोषणाई झाली, सगळं शहर बघायला बाहेर पडलं होतं, मी पण पोरीला डबलसीट घेऊन गेले होते. पण हा रस्ता मी इतिहासासाठी सुचवत नाही. या रस्त्याच्या एका बाजूला रेल्वेरूळ आहेत. म्हणजे त्या बाजूला दुकानं नाहीत, गल्ल्यांची तोंडं नाहीत, घरांची गेटं नाहीत, फक्त रेल्वे गेटांच्या जागी तेवढी वाट फुटते. शहरात सायकलचा अपघात पुष्कळदा वळणाऱ्या गाडीशी होतो, कडेच्या गल्लीतनं बाहेर येणाऱ्या नाहीतर आत शिरणाऱ्या. जिथं वळायलाच जागा नाही तिथं सायकल सर्वात सुरक्षित. असा सरळ, जवळजवळ सपाट, एका बाजूनं मोकळा रस्ता शहराच्या मधोमध मिळणं हे भाग्य आहे, आणि तो पुढं तिसऱ्या गेटाकडं म्हणजे उद्यमबागेच्या दिशेनंच जातो. शाळा-कॉलेजं त्याच्या आजूबाजूला, कारखाने त्याच्या टोकाला. रुळाच्या बाजूची दोन मीटर जागा कठडा घालून सायकलींना द्या. नुसता हिरवा पट्टा रंगवून नको, पट्ट्यावर गाडी चढते, कठड्यावर चढत नाही.

आणि तिसऱ्या गेटाजवळचा ओव्हरब्रिज. पुलावर चढताना सायकलचा वेग माणसाच्या चालण्याएवढा होतो, पाय भरून येतात, हँडल थोडं डगमगतं, आणि नेमकं तिथंच मागनं येणारी गाडी चढ आहे म्हणून गिअर टाकून जोरात येते. पूल बांधताना ही गोष्ट धरली जात नाही. आमच्या शॉपमधला एक टर्नर आहे, पिरनवाडीकडनं शहरात काही कामाला यायचं झालं की पुलाच्या पायथ्याशी उतरतो आणि ढकलत नेतो, पन्नाशीचा माणूस. चढाच्या बाजूला तरी एक वेगळी चिंचोळी वाट सायकलीला काढून द्या. उताराला नसली तरी चालेल, उतारावर आम्ही गाड्यांच्या वेगानं येतो.

आता पोरीचं सांगते. माझी मुलगी आठवीला आहे. शाळा घरापासनं तीन किलोमीटर. तिला सायकल येते, छान येते, माझ्यापेक्षा नीट हात दाखवून वळते. आणि मी स्वतः रोज सायकल चालवणारी बाई, मी तिला सायकलनं शाळेला पाठवत नाही. रिक्षाला महिन्याचे पैसे भरते. गेल्या महिन्यात तिनं मला विचारलं, "आई, तुला भीती वाटत नाही का मग? तू का जातेस?" मी तिला काय उत्तर देऊ सांगा. मी म्हटलं मला सवय आहे. ती म्हणाली, पडलीस तेव्हा पण सवय होतीच की.

आपल्याच कर्नाटक सरकारनं २००६-०७ मध्ये आठवीच्या मुलांना मोफत सायकल द्यायला सुरुवात केली. खानापूर तालुक्यातल्या माझ्या मामेबहिणीला तेव्हा मिळाली होती. जंगलातनं चार किलोमीटर चालत हायस्कूलला जाणारी पोरगी, सायकल आल्यावर घरच्यांनी दहावीपर्यंत शिकू दिलं, आज ती नर्स आहे. ती सायकल अजून त्यांच्या गोठ्यात टांगून ठेवलीय, विकू देत नाही. कोरोनाच्या काळापासनं ते वाटप थांबलं. परत सुरू करा म्हणून मागणी होते ती योग्यच आहे, माझाही पाठिंबा आहे, पण सायकल देणारं सरकार आणि रस्ता देणारं शहर दोघं एकत्र आले तरच पोरगी शाळेत पोचते. त्याच २००६ साली केंद्राचं राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरण आलं. त्यात स्पष्ट म्हटलंय की रस्त्याची जागा वाटताना गाड्यांऐवजी माणसं मोजा. वीसएक वर्षं झाली त्याला.

नेदरलँड्सचं नाव काढलं की लोक म्हणतात ते श्रीमंत, ते सपाट, त्यांचं वेगळं. पण तिथंही साठ-सत्तरच्या दशकात सगळे रस्ते कारसाठीच व्हायला लागले होते. १९७१ या एका वर्षात तिथं चारशेहून जास्त लहान मुलं रस्त्यावर मेली. आईबाप रस्त्यावर उतरले, मुलांचे खून थांबवा असं म्हणत आंदोलन उभं राहिलं, आणि १९७३ ला तेलाची टंचाई आली तेव्हा सरकारनं रविवारी गाड्या बंद ठेवल्या तर लोकांनी मोकळे रस्ते डोळ्यानं बघितले. तिथनं पुढं ते सगळे ट्रॅक झाले. म्हणजे ते लोक जन्मतःच सायकलवाले नव्हते, पोरं गेली तेव्हा त्यांनी ठरवलं. आपण पोरं जायच्या आधी ठरवू शकतो.

म्हणून शाळांच्या भोवती वेग ताशी ३० च्या वर जाऊ देऊ नका. जागतिक आरोग्य संघटना पण हेच सांगते की जिथं माणसं आणि गाड्या एकत्र असतात तिथं ३० पुरे. नुसती पाटी लावून वेग कमी होत नाही हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. शाळेसमोरचा क्रॉसिंग फुटपाथच्या उंचीला उचलून घ्या, रस्ता तिथं थोडा चिंचोळा करा, गाडी आपोआप हळू होते, पोलीस उभा करायला लागत नाही. टिळकवाडीत एका चौरस किलोमीटरात किती शाळा आहेत बघा, एकदा तो भाग धरला की हजारो पोरांचं काम होतं.

सावलीबद्दल पण बोलायचं आहे, कारण सायकलवाल्याला झाड म्हणजे काय ते कारवाल्याला कळणं अवघड आहे. एप्रिलमध्ये दुपारी मी बँकेत जाते तेव्हा कॅम्पातनं जाताना आणि नव्यानं रुंद केलेल्या रस्त्यानं जाताना जो फरक पडतो तो अंगावर कळतो, एका ठिकाणी घाम वाऱ्यानं सुकतो आणि दुसऱ्या ठिकाणी सीट हाताला भाजते. रस्ता रुंद करताना पहिली कुऱ्हाड कडेच्या झाडावर पडते, आणि नेमकी तीच कड सायकलवाल्याची आणि चालणाऱ्याची असते. झाड ठेवून त्याच्या पलीकडनं सायकलची वाट काढता येते, झाडच मग कठड्याचं काम करतं. नवीन लावाल तर शोभेचे पाम नको, ज्याची सावली पडते असं काहीतरी लावा, करंज, जांभूळ, कडुनिंब, आणि बुंध्याभोवती सिमेंट गच्च भरू नका, पाणी मुरायला माती मोकळी ठेवा.

शहर जसं कारसाठी पसरतंय तसं शिवार जातंय ही माझ्या माहेरची जखम आहे, त्यावर लिहायला बसले तर वेगळं पत्र होईल. शहापूर, वडगाव, येळ्ळूरकडची ती काळी जमीन, बेळगावचा बासमती जिथं पिकतो, तिच्यावर रस्ता आला की ती परत शेत होत नाही. शहरातल्या शहरात माणसं सायकलनं आणि बसनं हलली तर निदान आणखी रुंद, आणखी नवीन रस्त्याची भूक कमी होईल.

बसवरनं आठवलं. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत आम्हा बायकांना बस फुकट आहे आणि त्याचा फायदा माझ्या ओळखीच्या प्रत्येक बाईनं घेतलाय, मी पण घेतलाय हात मोडला तेव्हा. पण घर ते स्टॉप हा एक-दीड किलोमीटर कोण सोडणार? मध्यवर्ती बसस्थानकात, रेल्वे स्टेशनवर आणि मोठ्या स्टॉपांवर छप्पर असलेला, साखळी लावता येईल असा सायकल स्टँड द्या. ज्याला फ्रेम बांधता येईल असा लोखंडी यू आकाराचा पाइप पाहिजे, चाक अडकवायचे ते छोटे कप्पे नको, त्यात रिम वाकते. एका कारच्या जागेत दहा सायकली आरामात राहतात.

आणि आपल्या राज्यात हे कुणी करूनच बघितलं नाही असं नाही. म्हैसूरला ४ जून २०१७ ला ट्रिन ट्रिन नावाची भाड्याच्या सायकलींची योजना सुरू झाली, ४५० सायकली आणि ४८ स्टँड, एका ठिकाणी घ्यायची दुसऱ्या ठिकाणी सोडायची. हुबळीत नाल्याच्या काठानं सायकल आणि चालण्यासाठी ग्रीन मोबिलिटी कॉरिडॉरचं काम हाती घेतलं गेलं. आपल्याकडं लेंडी नाला आहे, बळ्ळारी नाला आहे, दर पावसाळ्यात त्यांचं पाणी शिवारात शिरतं म्हणून ते साफ करायची, काठ बांधायची मागणी असतेच. त्यांच्या कामाचा आराखडा होईल तेव्हा काठावर सायकलची वाट धरा, पाण्याला लागेल तेवढी जागा सोडूनच अर्थात. नाल्याच्या वाटेवर सिग्नल नसतो.

आता सायकल चालवतंय कोण, कुणासाठी करायचं, असं विचाराल. २०११ च्या जनगणनेत देशातल्या साधारण ४५ टक्के घरांत सायकल होती. सायकली घरात आहेत हो, जिन्याखाली, गच्चीवर, पोत्यानं झाकून. आणि जे आजही चालवतात ते तुम्हाला दिसत नाहीत कारण ते पहाटे चालवतात. पहाटे साडेपाचला या बाहेर, पेपर टाकणारी पोरं, दूधवाले, कडोलीकडनं भाजी घेऊन येणारे, रात्रपाळी करून परत जाणारे यंत्रमागावरचे कामगार. यांतला एकही माणूस तुमच्याकडं निवेदन घेऊन येणार नाही, त्यांना सुट्टी नसते. मी अकाउंट्सवाली आहे, मला लिहिता येतं, म्हणून त्यांच्या वतीनं पण लिहिते. या पत्राची कन्नड प्रत पण तयार करतेय, आमच्या शॉपमधल्या सहकाऱ्यांनी भाषांतर करून दिलंय, कारण आमच्या त्या पत्र्याच्या शेडमधल्या चार सायकलींपैकी दोन कन्नड बोलणाऱ्यांच्या आहेत आणि आम्ही रोज एकाच रस्त्यानं, एकाच जाळ्या चुकवत घरी जातो.

त्या जाळ्यांचंच शेवटी सांगते. प्लास्टर निघाल्यावर आम्ही चौघांनी मिळून शहापूर ते उद्यमबाग रस्त्यावरच्या उभ्या गजांच्या जाळ्या शोधल्या, प्रत्येकीजवळ खडूनं गोल केला, फोटो काढले, कुठल्या दुकानासमोर आहे ते लिहून ठेवलं. नऊ सापडल्या. त्यातल्या सहा चौकोनी आहेत, त्या नुसत्या उचलून फिरवल्या की काम झालं, दोन माणसं आणि एक पहार. उरलेल्या तीन लांबट आहेत, त्या फिरत नाहीत. आमच्या शॉपमधल्या वेल्डर अण्णांनी माप घेतलंय, ते म्हणतात प्रत्येकीवर तीन-तीन पट्ट्या आडव्या टाकल्या की सायकलचं चाक आत जाणार नाही आणि पाण्याला पण अडथळा नाही. पट्टी आमच्या स्क्रॅपमध्ये पडलेली आहे, मालकांनी न्या म्हणून सांगितलंय. जनरेटर एका ओळखीच्यांकडनं मिळतो. रविवारी सकाळी सहा ते नऊ, रस्त्यावर गर्दी व्हायच्या आत काम संपेल. सार्वजनिक रस्त्यावरच्या वस्तूला हात लावायचा म्हणजे तुमची लेखी परवानगी पाहिजे, तेवढी द्या. नऊ जाळ्यांची यादी, फोटो आणि माप या पत्राला जोडलेत.

आपली,
शहापूरची एक सायकलवाली